पाखऱ्या मास्तर

आमच्या मेडशीत ज्वारीवरची पाखरं पावकीचा पाढा ऐकून उडायची. बाकीचे राखणदार मचाणावरून नुसते हाकारे घालत. किसन गोफण फिरवायचा आणि घसा ताणून ‘पाच पावकी सव्वा’ ओरडायचा. त्यामुळे गावानं त्याला पाखऱ्या केलं.

आम्ही एका बाकावरचे. सहावी झाल्यावर वडिलांनी मला पुढं शिकायला अकोल्याला धाडलं आणि चौदा वर्षांच्या किसनला त्याच्या बापानं आमच्याच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, म्हणून ठेवलं. मी मोठा होणार होतो, तो एका दिवसात मोठा झाला. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज कबूल करतो.

पण गडी हट्टी. दोन वर्षं त्यानं बैलांमागं चालत पुस्तकं पाठ केली आणि बाहेरून सातवीचा फॉर्म भरला. त्या काळी सातवी पास झालं की मास्तरकी मिळे. परीक्षा वाशीमला, तीन दिवसांची. वडील म्हणाले, सालदाराला मध्येच सुटी नाही. जायचंच असेल तर रीतीप्रमाणं बदली माणूस दे. ऐन पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटण्याच्या दिवसांत रिकामा माणूस कुठला मिळणार?

शिमग्याच्या सुटीत मी घरी होतो. किसन गोठ्यात आला, म्हणाला, “बापू, माह्या जागी तुमी उभे राहा.”

मला पऱ्हाटी उपटता येत नाही, असं मी सांगून पाहिलं.

“मलेबी येत नव्हती. पाठ मोडली का येते.”

वडील भडकले. पाटलाचं पोर सालदाराची बदली करणार म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. किसन खाली मान घालून, पण जागचा न हलता बोलला, “पाटील, बदली दिली. मानूस कोन पाह्यजे, हे रीतीत कुठं सांगतलं?”

तीन दिवस मी पऱ्हाटी उपटली. दुसऱ्याच दिवशी तळहात सोलवटले, भाकरी मोडता येईना. आई रडली. चौथ्या दिवशी मी सुटलो. किसन येऊन पुन्हा पऱ्हाटीच्या त्याच ओळीत उभा राहिला. निकाल लागायच्या आधीच पाडव्याला त्याचं नवं साल ठरलं होतं; पास झाला तरी ते त्यानं पुरं केलं, मगच शाळेत मास्तर म्हणून रुजू झाला.

पुढं वडील गेले, पाटीलकी माझ्याकडं आली. पाडव्याला आमच्याकडं सालदार ठरतात, नव्या गड्याला नारळ देतात. त्या सकाळी किसन मास्तर झोपडी-झोपडी फिरून, पोरं शाळेतच ठेवा म्हणून, त्यांच्या बापांशी हुज्जत घालायचा. काही ऐकत, बरेचसे ऐकत नसत. एका पाडव्याला तो माझ्या ओसरीवर आला. समोर बारा-तेरा वर्षांचं पोरगं बापाच्या मागं उभं होतं आणि नारळ माझ्या हातात होता.

मास्तर मला म्हणाला, “याचं साल मले द्या, बापू.”

मी नारळ पोराच्या हातात दिला आणि त्याला मास्तरबरोबर शाळेत पाठवलं. त्या वर्षी शेत मी स्वतः केलं, असं खोटं सांगणार नाही. दुसरा सालदार ठेवला. पण मिशा फुटलेला.