नखावरची रेघ

भूतखेत, अंगात येणं, दृष्टांत... कोणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ चहा टाकायला उठते. आजही उठते. तेव्हा हे वाचून मला कोणी उपाय-तोडगे कळवू नयेत. घडलं ते सांगते, बास.

साल चौऱ्याहत्तरच्या आसपासचं. आम्ही सांगलीत हळदीच्या पेठेमागं राहायचो. माझे वडील, आण्णा, पेंटर. अडत दुकानांच्या पाट्या हे पोटाचं काम, आणि देवळाच्या भिंतीवर देव रंगवणं हे जिवाचं. पाटीवर पेन्सिल धरायच्या आधी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. आमचं भांडण एकच. देवाचे डोळे आण्णा नुसत्या काळ्यानं काढायचे. मी म्हणायची, थेंबभर तांबडा घाला, नजर जिवंत दिसेल. "काळं ते काळंच! लय शानी झालीस," म्हणून ते हसायचे, आणि मी फुगून बसायची.

डोळ्यांची त्यांची रीत ठरलेली. डोळे सगळ्यात शेवटी, सकाळी उपाशीपोटी, दार लावून एकट्यानं काढायचे. त्याआधी डाव्या अंगठ्याच्या नखावर ब्रशनं एक रेघ ओढून बघायची. ती बारीक आली तरच भिंतीला हात लावायचा.

औंधजवळच्या एका गावात यमाईचं चित्र होत आलं होतं, फक्त डोळे राहिले होते, आणि आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जत्रा तोंडावर आलेली. गावाचा निरोप आला — आम्ही कोल्हापूरचा पेंटर बोलावतोय. म्हणजे आण्णांच्या देवीला दुसऱ्या कुणाची नजर! निरोप ऐकून आण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी त्यांना म्हटलं, "डोळे मीच काढणार. कोण अडवतंय बघते." आणि रंगाची पिशवी भरली, सगळ्या डब्या, सगळे ब्रश.

संध्याकाळी गावात पोचले तर देवळाचे गुरवमामा दारातच आडवे.

"अगं पोरी, बाईमाणसानं देवीचं डोळं उघडायचं? आमी कवा ऐकलं न्हाई असलं."

"मग देवी कोण हाय मामा? बाप्या हाय व्हय?"

मामांनी डोकं खाजवलं. "आन् चुकलं तर?"

"तर बोलवा तुमचा कोल्हापूरवाला. मी हूं का चूं करायची न्हाई."

रात्री त्यांच्याच घरी राहिले. सकाळी अंघोळ करून, तोंडात पाणीसुद्धा न घालता देवळात गेले आणि आतून कडी घातली. डबीचं झाकण दोनदा हातातून निसटलं. काळा रंग ओतला. क्षणभर थांबले... आणि त्यात थेंबभर तांबडा घातलाच. ब्रश टेकवला तेव्हा मात्र हात स्थिर झाला. माझाच हात, माझंच काम, त्यात चमत्कार काही नाही.

दार उघडलं. मामा आत आले, उभे राहिले, आणि एकदम हात जोडले. "बघाय लागली की गं!"

परतीच्या एसटीत सहज हाताकडं लक्ष गेलं. डाव्या अंगठ्याचं नख कोरं होतं. घाबरून मी रेघ ओढायचीच विसरले होते!

घरी पोचले तर आई तणतणत दारात आली. "घरात रंग कुठं सांडून ठेवलास गं? सकाळी ह्यांच्या नखाला लागलेला. पुसाय गेले तर माझा पदर खराब झाला, आन् ह्यांनी मूठच आवळून घेतली."

मी पदर हातात घेतला. डाग काळा होता, कडेनं तांबूस.

आण्णांनी मला बघून डावी मूठ उघडली. अंगठ्याच्या नखावर एक रेघ, केसाएवढी, वाळलेली.

आता तुम्हीच सांगा. डाव्या नखावर रेघ ओढायला उजवा हात लागतो, आणि तो तर निपचित पडलेला. डब्या, ब्रश सगळं माझ्याजवळ. आईनं घर पालथं घातलं, शेजारीपाजारी विचारून आली. कोणी आलं नव्हतं, गेलं नव्हतं. मला तेव्हा उलगडा झाला नाही, आजही होत नाही.

मी त्यांच्याजवळ बसले. रडू आवरत नव्हतं, तरी विचारलंच, "काय आण्णा, काळं ते काळंच ना?"

आण्णा अर्ध्या तोंडानं हसले आणि मान हलवली. नाही म्हणून.