वरवंट्यापुरता

डूख धरू नये, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. मी धरला. चांगली सात-आठ वर्षं धरला, आणि खोटं कशाला बोलू, त्या वर्षांत मला फार मजा आली. ज्यांच्यावर धरला ते माझे सर होते, कॉलेजात पुरातत्त्व शिकवायचे. कारण माझी आई होती.

आमच्या घरात पाटे-वरवंटे घडवायचं काम. पंचवटीच्या पुढे दोन खोल्या आणि समोर दगडांचा ढीग. वडील लवकर गेले, मग घडवण्यापासून टाकी लावण्यापर्यंत सगळं आईवर आलं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण सरकायला लागतं. मग छिन्नीनं बारीक खड्डे पाडून त्याला पुन्हा खरखरीत करायचं, याला टाकी लावणं म्हणतात, आणि ती छिन्नी म्हणजेही टाकीच. नव्वदच्या दशकात घरोघर मिक्सर आले, तरी गंगापूर रोडच्या बंगल्यांतसुद्धा एखादा पाटा मागच्या ओट्यावर असायचाच. "टाकीऽऽ लावायची का पाट्याला" अशी आईची हाक मी वर्गात बसूनही ओळखायचे. सुरुवातीला मान खाली घालायचे, हेही सांगून टाकते.

आईला दगड कळायचा. आधी ती टाकीच्या बोथट टोकानं ठोकून बघायची. ठणठण वाजला तर "बोलतो", भदभद वाजला तर "मुका". मुक्या दगडाला आत चीर असते, तो घडवताना दगा देतो. मग ओल्या बोटानं पुसून उन्हात धरायचा, चमक कशी आहे ते बघायचं, आणि शेवटी जीभ लावायची. जीभ चिकटली तर दगड आतून कुजलेला. बारीक भोकं असलेल्या काळ्या दगडाला ती म्हणायची, "याला देवी आल्यात, याचा पाटा नको, मसाला भोकांत बसतो." गारगोटी तिला आवडायची नाही. टाकी लावली की काचेसारखी उडते आणि डोळ्यात जाते, म्हणून.

मी एम.ए.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी टेबलावर अश्मयुगीन हत्यारं मांडली आणि दगड ओळखा म्हणाले. मी एकाला गारगोटी म्हणाले. सर हसले. "गारगोटी काय, मुलं खेळतात ती? कॅल्सेडनी म्हणा." वर्गही हसला. मी मुकाट्यानं वहीत कॅल्सेडनी लिहिलं, पुढे जास्पर, बेसाल्ट, डोलेराइट असे सगळे शब्द पाठ केले. त्याचा मला राग नव्हता. शब्द शिकायलाच गेले होते.

दुसऱ्या वर्षी दिंडोरीच्या बाजूला एका ओढ्यात आम्हाला हातकुऱ्हाडी सापडल्या. बदामाच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी कपच्या काढून धार केलेल्या. सर म्हणाले, बेसाल्ट, ओढ्यातलाच गोटा उचलून केलेल्या आहेत. मी एक हत्यार नोंदणीसाठी घरी आणलं होतं. आईनं ते विचारल्याशिवाय उचललं, टाकीनं टिचकी मारली आणि कान लावला.

"हा ओढ्याचा नाय. हा भिंतीचा हाय."

"कसली भिंत?"

"दगडाची. डोंगरातून काळी रांग निघालेली असती, कुनी बांधल्यावानी. तुझा आजा तिथनंच दगड आणायचा. ह्याच्यासारखा बोलका दगड नाय दुसरा."

पुढच्या रविवारी आई आमच्याबरोबर जीपमध्ये होती. सर पुढे, ती मागे, स्टेपनीला पाय टेकवून. एका वस्तीच्या मागून तिनं आम्हाला टेकडीवर नेलं. खरोखरच गुडघाभर उंच, सरळ रेघेत गेलेली काळी भिंत होती, डोलेराइटची. आणि तिच्या पायथ्याशी कपच्याच कपच्या, अर्धवट राहिलेली हत्यारं, फसलेली हत्यारं. त्या माणसांचा कारखानाच होता तो. सर लहान मुलासारखे नाचायचे बाकी राहिले. "मावशी, कमाल केलीत तुम्ही," असं तीनदा म्हणाले. आई एक फसलेलं हत्यार हातात घेऊन म्हणाली, "ह्याचा घाव चुकला. माझाबी असाच चुकतो." त्या दिवशी ती फार खूश होती. सरांनी लेखात तिचं नाव छापायचं कबूल केलं होतं, आणि आल्या आल्या तिनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

वर्षभरानं लेख छापून आला. सखोल सर्वेक्षणाअंती मला या दगडाचा उगम शोधता आला, असं सरांनी लिहिलं होतं. शेवटी आभार होते. विभागप्रमुख, जीपचा ड्रायव्हर, नकाशा काढणारा, सगळे नावानिशी. अगदी शेवटी एक ओळ: एका स्थानिक महिलेचेही सहकार्य झाले.

आई चुलीपाशी बसली होती. शेजारच्या दोघी मुद्दाम आल्या होत्या. "वाच की माझं नाव," ती म्हणाली. मी पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, या अंकात नाही, पुढच्यात येईल. शेजारणी उठून गेल्या. आईनं तोंड फिरवलं ते मी पाहिलं.

मी सरांकडे गेले. ते हसतच होते. "अगं, पाटे ठोकणाऱ्या बाईचा संदर्भ तळटीपेत कसा द्यायचा? हे शास्त्र आहे. तुझ्या आईला दगड कळतो, नाही असं नाही. पण वरवंट्यापुरता."

वरवंट्यापुरता. मी घरी येऊन रागारागानं ते जसंच्या तसं आईला सांगितलं. सांगायला नको होतं. ती "आसंल" म्हणाली आणि पाणी तापवायला गेली. त्या रात्री मी ठरवलं की या माणसाला दगडावरच आपटायचं.

संधी आमच्या न्हाणीतच पडून होती. वजरी. टाचा घासायचा दगड सगळ्यांकडेच असतो, आमचा आईनं स्वतः केलेला होता. ती भिंतीच्या दगडाचा वरवंटा घडवत असताना टाकी घसरली आणि टोकच उडालं. टाकून द्यायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी कपच्या काढल्या आणि हातात नीट बसेल असा बदामी आकार दिला. बारा वर्षं त्यानं तिच्या भेगाळलेल्या टाचा घासल्या. धार झिजून गोल झाली होती, आणि बोअरच्या जड पाण्यानं त्यावर पांढरा क्षार चढला होता. सर ज्याला हजारो वर्षांच्या मातीत बसलेला चुन्याचा थर म्हणायचे, अगदी तसा.

कॉलेजच्या संग्रहालयात तेव्हा नवीन कपाटं लागत होती आणि ओढ्यातल्या हत्यारांवर काळ्या शाईनं नंबर टाकायचं काम माझ्याकडे होतं. मी वजरीला ओढ्याची माती चोळली, वाळवली आणि ट्रेमध्ये बाकीच्यांत ठेवून दिली. सांगायची गरजसुद्धा पडली नाही. सरांचा हात सरळ तिच्यावरच गेला. त्यांनी ती उन्हात धरली, नखानं क्षार खरवडला, धारेवरून अंगठा फिरवला.

"डोलेराइट! आणि ही धार बघ, कशी झिजून गुळगुळीत झालीय. कातडं खरवडलंय यानं. वर्षानुवर्षं."

"हो सर," मी म्हणाले. दगड बरोबर ओळखला होता. कातडंही बरोबर ओळखलं होतं. फक्त ते कुणाचं, एवढंच चुकलं होतं.

वजरी मधल्या कपाटात, लाल मखमलीवर गेली. खाली पाटी लागली, त्यावर संशोधक म्हणून सरांचं नाव. दरवर्षी शाळेच्या सहली यायच्या आणि सर मुलांना सांगायचे, "लाखभर वर्षांपूर्वी आदिमानव यानं कातडं खरवडायचा." मी शेजारी उभी राहून पोट दुखेपर्यंत आतल्या आत हसायचे. पाहुणे यायचे, फोटो निघायचे. मी म्हणायचे, चढू दे. जितकं उंच चढेल तितकं जोरात पडेल. सर निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या सत्काराच्या दिवशी, भर सभेत, पाहुण्यांसमोर मी ती वजरी बाहेर काढणार होते. कोणतं वाक्य आधी बोलायचं हेसुद्धा ठरलं होतं.

घरी मात्र आई वजरी शोधत राहिली. न्हाणी उपसली, मोरीत हात घातला. शेवटी दादाचं लग्न होऊन नुकत्याच घरात आलेल्या वहिनीवर संशय घेतला की तिनं माहेरी नेली. दोघींचं बोलणं आठवडाभर बंद होतं. मी गप्प बसले. मग मी बाजारातून प्लॅस्टिकची आणली, एका बाजूला ब्रश असलेली. आईनं ती दोनदा वापरून कोनाड्यात ठेवून दिली. हिवाळ्यात तिच्या टाचांतून रक्त यायचं. मी स्वतःला सांगायचे, तुझ्याचसाठी चाललंय गं हे.

एव्हाना मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले होते. सरांनीच शब्द टाकला होता. दोन हजार सालानंतर जागा कायम व्हायची वेळ आली तेव्हा निवड समितीत निवृत्तीनंतरही तज्ज्ञ म्हणून सर होते आणि सत्कारानंतरच्या आठवड्यात मुलाखत होती. मला हे माहीत होतं. तरी सत्काराला मी आईला घेऊन गेले. तिनं ठेवणीतलं हिरवं नऊवारी लुगडं नेसलं होतं. मी तिला फक्त म्हणाले होते, आज तुझं नाव घेतलं जाईल.

सभेआधी पाहुण्यांना संग्रहालय दाखवणं चालू होतं. सर मधल्या कपाटापाशी तेच सांगत होते, कातडं, लाखभर वर्षं. आई पुढे झाली, काचेला नाक लावलं आणि ओरडली.

"अगं बाई, ही तर माझी वजरी!"

सगळे हसले. सरही हसले, मोठ्या मनानं. "मावशी, लाख वर्षांपूर्वीचं हत्यार आहे हे."

"लाख कशाची! बारा वर्सं न्हाणीत व्हती. मी घडवली. हे बघा, हितं माझी टाकी घसरली व्हती." तिनं काचेवर बोट ठेवलं. क्षाराखाली एक बारीक सरळ रेघ होती. मी नंबर टाकताना ती पाहिली होती. सरांनी कधीच पाहिली नव्हती. आता पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. ते माझ्याकडे वळले.

"तू सांग गं. नोंद तूच केलीस ना?"

हाच तो क्षण होता. याच क्षणासाठी मी इतकी वर्षं जगले होते, आणि तो माझ्या आईनं माझ्या हातात आयता आणून ठेवला होता. पहिलं वाक्य तोंडात तयार होतं. सर माझ्याकडे बघत होते, समितीतले आणखी दोघे त्यांच्या मागे उभे होते. ट्रेमध्ये ती कोणी ठेवली, हा पुढचाच प्रश्न असणार होता.

"आई," मी म्हणाले, "तशीच दिसते, पण ती नाही. चल, तिकडे बस."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वजरी उचलली ते तिला त्याच घडीला कळलं असणार. दगड ऐकणारी बाई, आवाज ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? काचेवरचं बोट तिनं काढून घेतलं आणि बोटाचा ठसा पदरानं पुसला.

"आसंल," ती म्हणाली. "मला आपला वरवंट्यापुरता कळतो."

सर जोरात हसले, पाहुणेही हसले. सभा वेळेवर सुरू झाली. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी अध्यक्षांचे मानले, पाहुण्यांचे मानले, मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, चहावाल्याचे मानले, सगळ्यांचे नावानिशी. आणि शेवटी, सगळे म्हणतात तसं, सवयीनं म्हणाले, "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असेल, तर त्यांचेही आभार." आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या.