हौदावरचा खिळा

ऐंशी सालच्या आसपास मी सातपूरच्या लहान कारखान्यांना घाण पाणी कमी कसं करावं, ते सांगत हिंडायचो. निकेलचा मुलामा देणाऱ्या एका शेडमध्ये एक म्हातारा कामगार होता. नाव मी कधी विचारलं नाही. मुलामा झालेला माल बाकीचे लोक रसायनाच्या हौदातून काढून तसाच टपटपत धुवायला न्यायचे. हा मात्र हौदावरच्या फळीला ठोकलेल्या खिळ्याला तो अडकवायचा आणि शेवटचा थेंब हौदात पडेपर्यंत हात मागे बांधून उभा राहायचा.

मी कारण विचारलं.

"धुण्याचं पाणी नाल्यात जातं, साहेब. आमची विहीर नाल्याला लागूनच हाय."

मी इतका खूश झालो की मालकाला बोलावून, घड्याळ लावून दाखवलं. "बघा, हा दर वेळी अर्धा मिनिट थांबतो. केवढं रसायन वाचतं तुमचं." मालकाने त्यातलं 'अर्धा मिनिट' तेवढं ऐकलं.

पुढच्या फेरीला म्हातारा दिसला नाही.

"फार सावकाश काम करायचा," मालक म्हणाला. "तुम्हीच तर दाखवलंत."

खिळा जागेवरच होता. त्याला मालकाची छत्री टांगलेली होती.