यंदा अदार दोन

आईच्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा वापीचे डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काढू, नाहीतर साखर अख्खा पाय खाईल." आई म्हणाली, "मी सात अदारला जाणार आहे. अख्खी आले, अख्खीच मातीत जाईन."

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. डहाणूत आमचं एकच घर. अदार हा आमच्या पंचांगातला महिना. आमचा पैगंबर मोशे सात अदारला जन्मला आणि सात अदारलाच गेला, असं जुने रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सांगून गेलेत. भल्या माणसाचं आयुष्य देव दिवसासकट पुरं करतो म्हणे. आईचा जन्मही सात अदारचा. तिच्या वडिलांनी प्रार्थनेच्या पुस्तकात तसं लिहून ठेवलंय, साल मात्र नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, ती तारीख आई धरतच नाही.

"अगं, तू काय मोशे लागून गेलीस का?" मी चिडून विचारलं.

"तो चाळीस वर्षं रानात फिरला. मी पन्नास वर्षं तुझ्या बापाबरोबर काढली."

गोळ्या देत, पट्ट्या बदलत मी दिवस ढकलले. सात अदारला ती पांढरी साडी नेसून ओटीवर बसली. आमचा दिवस मावळतीला संपतो. तिन्हीसांजा होऊन गेल्या, चांदण्या निघाल्या, तरी आई आपली बसलेलीच. मग खुदकन हसली. "नकोय वाटतं मी देवाला. उद्या चल डॉक्टरकडे."

मला इतका आनंद झाला की जीभ सैल सुटली. "बघ! आणि यंदा अदार दोन आहेत, पुढच्या महिन्यात पुन्हा वाढदिवस करू तुझा." हिंदूंचा अधिक मास असतो, तसाच आमच्याकडे काही वर्षी अदार दोनदा येतो. तिला ते ठाऊक होतं, पण यंदाच आहे हे लक्षात नव्हतं. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

तिचं हसू विरलं. पाय चादरीखाली ओढून घेत ती म्हणाली, "मग माझा पुढचा असेल."

मी ठाण्याला फोन लावला. तिथल्या प्रार्थनालयात प्रार्थना चालवणारे गृहस्थ म्हणाले, कुणी रब्बी पहिला धरतात, कुणी दुसरा. मोशेबद्दलही त्यांचा वाद आहे. "अहो, पहिलाच खरा असं सांगा ना तिला!" मी रडकुंडीला आलो होतो. "तसं छातीठोक कसं सांगू?" ते म्हणाले. मग मीच आईला खोटं सांगितलं, की पहिलाच खरा. तिनं फक्त विचारलं, "शपथ घेतोस?" मला घेता आली नाही.

महिनाभर काळं वर चढताना बघत बसलो. उचलून नेलं असतं, तरी कापायला सही तिचीच लागणार होती.

दुसरा सात अदारही गेला. सकाळी वेणीफणी करून, पिशवी भरून आई तयार. डॉक्टरांनी पट्टी सोडली, पुन्हा बांधली आणि मला बाहेर बोलावलं. विष रक्तात पसरलं होतं, भूल तिला झेपणार नव्हती. "घरी न्या. त्रास होणार नाही एवढं बघू."

परत येताना तलासरीच्या पुढे तिनं विचारलं, "कधी कापणार म्हणाले?"

"तारीख कळवतो म्हणाले."

"लवकरची माग रे," आई म्हणाली. "पेसाहचा सण तोंडावर आलाय. बिनखमिराच्या भाकऱ्या कोण भाजणार?"