आलमारीच्या दाराचा फळा

आधी मागच्या खोलीतल्या काकूंबद्दल सांगते. धामणगाव रेल्वे या गावातल्या एका शाळेत त्या तीस वर्षं शिपाई होत्या. त्या नसत्या तर राजापेठेतली माझी मेस सुरू व्हायच्या आधीच बंद पडली असती अन् मी पिशवी उचलून हिवरखेडला परत गेले असते.

मी आठवीतच शाळा सोडलेली. स्वयंपाक येतो, एवढ्या एका भरवशावर इथं खोली घेतली. तिची मोठी भिंत ओल धरून पोपडे टाकत होती. घरमालकांनी सांगूनच ठेवलं होतं की कॉलेजं उघडली की पोरांचे आईबाप मेस पाहायला येतात. भिंत अशी भकास राहिली तर कोणी आत पाय ठेवणार नाही, मग खोली मोबाइलच्या दुकानवाल्याला देऊन टाकीन, म्हणाले. प्लास्टर करायची ऐपत नव्हती. जिवाला नुसता घोर.

अडगळीत लाकडी आलमारीचं एक मोडकं दार पडलं होतं. म्हटलं, याचा फळा करू. भिंत झाकेल, वर रोजची भाजीही लिहिता येईल. कूलरच्या स्टँडला लावून उरलेला काळा ऑइलपेंट त्याला फासला. दार मस्त चमकलं, पण खडू लावला की घसरायचा.

काकूंनी पाहिलं अन् कपाळाला हात लावला. चमकला तो फळा कामातून गेला, म्हणाल्या. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी वर्गावर्गातले फळे त्याच काळे करत. विटेच्या तुकड्यानं माझ्याकडून सगळी चमक घासून काढली. टॉर्चचे, घड्याळाचे गेलेले सेल फोडून आतली काळी पूड घेतली, कुंपणावरच्या वालाचा पाला चुरून त्यात कालवला, अन् दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून दार घासत राहिल्या. वाळल्यावर मी लगेच लिहायला निघाले तर हातच धरला. आधी खडू आडवा धरून सगळीकडे फिरवायचा, पुसायचा. नाहीतर पहिली अक्षरं कधीच जात नाहीत.

मग दार भिंतीला उभं केलं. खडू घेतला अन् परत खाली ठेवला. फळ्यासमोर उभं राहिलं की अजून वाटतं, मागून कोणीतरी हसेल. एखाद्या कॉलेजच्या पोराकडून लिहून घेऊ, मी म्हटलं.

"काहून मांगं सरून राहिली व?" काकू म्हणाल्या. "सकाळी आंगणात रांगोळी काढतं, तवा कोनाले भेतं?"

त्यांनी दार जमिनीवर आडवं टाकलं. मी उकिडवी बसले, ठिपके टाकले, अन् हात आपसूक चालला. कडेनं वेल, एका कोपऱ्यात कपाशीचं बोंड, दुसऱ्यात तुरीच्या शेंगा, मधे भाज्यांची नावं.

दार परत भिंतीला उभं केलं, तेवढ्यात घरमालक आले. फळ्यावरची एकेक भाजी वाचत गेले. मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगतो, म्हणाले, अन् जाता जाता विचारलं, "ताई, भरली वांगी उद्या खरंच आहेत ना?"

काकू एकट्या राहतात, अजून स्वतःच रांधतात. डबा नेला तर परत पाठवतात. "तुयं बस्तान बसू दे आधी," म्हणतात.

बसेल. मनात धाकधूक आहेच, पण बसेल. मग काकूंच्या घरचा गॅस मी पेटू देणार नाही. दोन्ही वेळचं गरम ताट माझ्या हातानं त्यांच्यासमोर ठेवीन, अन् नाही म्हणाल्या तरी त्या जेवेपर्यंत तिथून हलणार नाही.