एकोणऐंशी

'सिली मिस्टेक' हा शब्द माझ्या डोक्यात जातो. लातूरमध्ये तो दर चार पावलांवर कानी पडतो. क्लासच्या जिन्यात, मेसच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात, पोरांना सोडायला आलेल्या आईबापांच्या तोंडी. "तसा लई हुशार हाय हो मॅडम, सिली मिस्टेक करतोय फकस्त." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे लाडिक समाधान असतं ते पाहून मला तिथून उठून जावंसं वाटतं. आणि सगळ्यात जास्त राग माझाच येतो, कारण याच शब्दावर मी पंधरा वर्षं पोट भरलं आहे.

मी गणित शिकवते. नुसतं गणित शिकवणाऱ्या बाया या गावात गल्लीगल्लीत आहेत, म्हणून आमच्या क्लासच्या मालकांनी माझी ओळख वेगळी केली: चुका घालवणाऱ्या मॅडम. चुका टाळण्याचे अकरा नियम मी एका कागदावर लिहून दिले. प्रश्न दोनदा वाचा, एकक तपासा, गोल काळा करण्याआधी बोट ठेवा, वगैरे. मालकांनी ते माझ्या फोटोसकट लॅमिनेट करून प्रत्येक बाकाला चिकटवले. पोरं त्यावर पेनानं मिशा काढतात.

माझा धाकटा भाऊ मुखेडला राहतो, अर्धापूरहून केळी भरून टेम्पो चालवतो. माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आपल्या पोरीला माझ्याकडे आणून सोडलं. ती पाचवीत होती आणि निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. ही परीक्षा एकदाच देता येते. लागला नंबर तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. नाही लागला तर गावातली शाळा, आणि तिथं गणिताला दोन वर्षं शिक्षकच नव्हता.

"ताई, हुशार हाय पोरगी," भाऊ दारातच म्हणाला. "पर माझ्यावानी वेंधळी हाय."

वेंधळा हे नाव त्याला मी ठेवलं होतं. तो दहावीला होता तेव्हा मी बीएस्सीला. आईनं त्याचं गणित माझ्या गळ्यात घातलं होतं. मी गणितं तोंडी सांगायची, तो उतरवून घ्यायचा. अख्खं गणित बरोबर करायचा आणि सुरुवातीची संख्याच चुकीची उतरवलेली असायची. मी लाकडी फूटपट्टी आडवी नाही, उभी मारायची. लक्ष कुठंय तुझं, लक्ष कुठंय. तो दहावीला गणितात गेला आणि पुन्हा बसलाच नाही. मी म्हटलं, निष्काळजी माणसाचं हे असंच व्हायचं. हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं आणि मला ते म्हणताना बरंही वाटलं होतं.

पोरगी त्याच्यावरच गेली होती. आकृत्यांचे प्रश्न माझ्या अकरावीच्या पोरांपेक्षा पटापट सोडवायची. अपूर्णांक तोंडी. आणि मग एखादं असं गणित चुकायचं की तिसरीतलं पोरही चुकणार नाही. शंभर गुणांच्या सरावात असे तीन-चार प्रश्न ठरलेले. त्या परीक्षेत तीन-चार प्रश्न म्हणजे आत की बाहेर, एवढा फरक असतो. मी समजावलं, ओरडले, टीव्ही बंद केला, माझे अकरा नियम पाठ करून घेतले. ती नियम धडाधड म्हणायची आणि पुन्हा चुकायची. एका सकाळी माझा तोल गेला. तिला 'मी निष्काळजी आहे' हे वाक्य पन्नास वेळा लिहायला बसवलं. तिनं ते इतक्या सुंदर अक्षरात, समासबिमास सोडून लिहिलं की मला अजून चीड आली.

त्याच दुपारी मी तिच्या सगळ्या सरावपत्रिका काढून बसले. तिच्या भल्यासाठी नाही. तिच्या चुकांना लाल गोल करून त्याचे फोटो भावाला पाठवायचे आणि ही पोरगी माझ्याच्यानं होणार नाही असं कळवायचं, एवढाच माझा हेतू होता. पाचव्या पत्रिकेला माझा हात थांबला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात संख्या अक्षरांत लिहिलेली होती. एकोणसाठ पेरू. एकोणचाळीस प्रवासी. एकोणऐंशी हजार पाचशे सहा ही संख्या अंकांत लिहा. तिनं पर्याय काळा केला होता 89,506.

तिला हाक मारली. "एकोणतीस लिही."

तिनं 39 लिहिलं.

"हे एकोणतीस?"

"तीस हाय की त्यात, आत्या." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बत्तीसमधी तीस हाय, चौतीसमधी तीस हाय. मग एकोणतीस एकटंच खाली कसं जाईल?"

पाढ्यासारखं एक ते शंभर म्हणताना ती एकदाही चुकत नव्हती. शाळेत फळ्यावर अंकच असत. त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येणारच नव्हतं. मी तिला सांगितलं की एकोण म्हणजे एक ऊन, म्हणजे एक कमी. तिसाला एक कमी, ऐंशीला एक कमी. तिनं दोन क्षण ओठ हलवले आणि मग एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे बरोबर लिहून दाखवले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मग नव्याण्णव?" तिनं विचारलं. "त्याला एकोणशंभर का न्हाई म्हणत?"

"नाही म्हणत. तसंच आहे ते."

"म्हणजे नियम करणारेच चुकले," ती म्हणाली. मग वहीचं ते पन्नास ओळींचं पान उघडून तिनं माझ्यापुढं धरलं. "आत्या, मग हे पण चुकलेलं हाय का?"

हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पुढची पत्रिका घे." मला माफी मागता येत नाही, लहान पोराची तर नाहीच.

परीक्षेला मी स्वतः मुखेडला गेले. पेपर सुटल्यावर पोरगी हसत बाहेर आली. मी तिच्या हातातलं प्रवेशपत्र काढून पर्समध्ये घातलं. "माझ्याकडेच राहू दे," मी भावाला म्हटलं. "तुम्ही दोघं हरवाल." तो मला कधीच काही बोलत नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. यादी शाळेच्या भिंतीवर लावली होती, नावं नव्हती, नुसते नंबर होते. मी प्रवेशपत्र काढलं आणि सांगितलं, "शेवटचे दोन आकडे बघ. एकोणऐंशी."

मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. बराच वेळ गेला.

"न्हाई ताई. न्हाई लागला."

मला लगेच संताप चढला. "नीट बघ! लक्ष कुठंय तुझं?"

"चारदा बघितलं की. पंच्याऐंशी हाय, नव्वद हाय. मधी एकोणऐंशी न्हाईच."

पंच्याऐंशी आणि नव्वदच्या मधे तो एकोणऐंशी शोधत होता. मग विचारलं, "तू कोणता आकडा शोधतोयस? अंक सांग मला."

"आठावर नऊ."

मी पलंगावर बसले. मला ती लाकडी फूटपट्टी आठवली, तिच्यावर माझं नाव ब्लेडनं कोरलेलं होतं. मी म्हटलं, "सातावर नऊ बघ."

"हाय," तो म्हणाला. "ताई, हाय! वरूनच तिसरा हाय."

मला वाटलं आता तो ओरडेल, पोरीला हाक मारेल. त्यानं फोन ठेवलाच नाही. गलका तसाच चालू होता.

"ताई," तो म्हणाला, "एकोणऐंशी म्हणजे सातावर नऊ व्हय?"

"हो."

"एकोणसाठ?"

"पाचावर नऊ."

"मंग मी तवा ध्यान देऊनच लिहीत होतो गं," तो म्हणाला.