पाचव्या मजल्यावरचं बेट

मुरलीधर पाटणकरांना शाळेतली मुलं मागून 'किरिबाती सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. भूगोलाचा तास गंगेवरून सुरू होवो नाहीतर गव्हावरून, सरांची गाडी शेवटी पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती या चिमुकल्या देशात जाऊन थांबायची. "तेहतीस बेटं रे! जमीन म्हणाल तर चिमूटभर, आणि समुद्रासकट पसारा आपल्या भारताएवढा! अर्ध्या देशात रविवार तेव्हा अर्ध्यात सोमवार. शेवटी त्या लोकांनी पंच्याण्णव साली वाररेषा सरकवली, पण देश एका वारावर आणला!" सरांनी समुद्र पाहिला होता तो रत्नागिरीचा, लग्नाच्या आधी. पण वेड लागायला तिकीट थोडंच लागतं.

उभा जन्म दिल्लीच्या करोलबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. निवृत्तीच्या आसपास दिल्लीतच, द्वारका भागातल्या सोसायटीत घर मिळालं. चिठ्ठ्या टाकून मजले वाटले, सरांच्या वाट्याला पाचवा आला. उजेड, वारा, डोक्यावरून जाणारी विमानं, सगळं होतं. फक्त लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी बांधलेला पोकळ चौकोन तळापासून गच्चीपर्यंत आ वासून उभा होता.

आणि सरांच्या पत्नी लतिकाबाईंचे गुडघे गेलेले. एकदा त्या एका लग्नाला म्हणून खाली उतरल्या. परत येताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या आणि रडल्या. त्यानंतर त्यांनी उतरणंच सोडलं. भाजीवाल्यासाठी गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या. टोपली रोज खाली जाऊन यायची, बाई वरच. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, आणि सरांना तेच जास्त टोचायचं.

एकदा सरांनी भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून सांगितलं, "एक बेट सोडलं ना, तर हा अख्खा देश समुद्राच्या जेमतेम वर आहे. डोंगर नाही, टेकाड नाही."

"म्हणजे सगळा देशच तळमजला?" लतिकाबाई म्हणाल्या. "अहो, मग आपण तिथेच फ्लॅट घ्यायचा होता."

सर हसले, पण त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

लिफ्ट अडली होती ती सोसायटीच्या अध्यक्षाच्या सहीवर, आणि अध्यक्ष टिकत नव्हता. कमिटीत निम्मे खुरानांचे, निम्मे त्यागींचे. आज खुराना अध्यक्ष, की महिन्याभरात त्यागी त्यांना पाडणार. त्यागी बसले, की खुराना. दोघं शेजारी राहायचे आणि वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. जानेवारीच्या सभेत पुन्हा तोच तमाशा सुरू झाला, तेव्हा आयुष्यात कधी सभेत न बोललेले सर उभे राहिले.

"किरिबाती में ऐसा नहीं होता," ते म्हणाले.

"कहाँ, मास्टरजी?" खुरानांनी विचारलं.

सरांनी समजावलं. तिथे लोक आधी संसद निवडतात. संसद आपल्यातलीच तीन-चार नावं पुढे करते, आणि त्यांतून राष्ट्राध्यक्ष कोण ते पुन्हा सगळा देश ठरवतो. मग आपल्या कमिटीनेही नावं द्यावीत आणि मत सगळ्या रहिवाशांनी द्यावं. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी. लोक पोट धरून हसले. पण भांडून भांडून सगळ्यांचाच जीव विटला होता. "चलो, ये भी करके देखते हैं," कुणीतरी म्हणालं आणि ठरलं. नावं आली तीन: खुराना, त्यागी आणि या दोघांच्या कचाट्यात सापडलेले बिचारे सुब्रमण्यम.

मतदान ठेवलं संक्रांतीला, खाली गेटजवळच्या शेडमध्ये. त्यागींनी नियम काढला, मत द्यायचं तर खाली यायचं. तो ऐकला आणि सरांचा गरीब स्वभाव कुठल्या कुठे पळाला.

"बिल्कुल नहीं!" ते कडाडले. "वहाँ एक टापू से दूसरा टापू हजारों किलोमीटर. लोग राजधानी नहीं आते, मतपेटी टापू पर जाती है! हमारा टापू पाँचवें माले पर है. पेटी ऊपर जाएगी!"

पेटी वर न्यायची ठरली, पण न्यायची कुणी? खुरानांच्या माणसाने नेली तर त्यागींना संशय, त्यागींच्या माणसाने नेली तर खुरानांना. शेवटी तिन्ही उमेदवार स्वतःच निघाले. खुराना देहाने भारदस्त. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी स्वेटर काढला, तिसऱ्यावर भिंत धरली. चौथ्यावर त्यागींनी मुकाट्याने त्यांच्या हाताखाली खांदा दिला.

दार उघडून लतिकाबाई उभ्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. किती दिवसांनी घरात माणसं आली होती! त्यांनी आधी पाणी दिलं, मग प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवला. "मीठा खाओ, मीठा बोलो," म्हणाल्या, "हमारे में ऐसा बोलते हैं." त्यागींनी खुरानांकडे पाहिलं. खुराना अजून धापाच टाकत होते.

"भाभीजी," श्वास थाऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "आप नीचे कब आई थीं?"

लतिकाबाईंनी गॅलरीतल्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

निवडून आले सुब्रमण्यम, पण पहिल्याच बैठकीत लिफ्टचा ठराव मांडला खुरानांनी आणि अनुमोदन दिलं त्यागींनी. सरांना आपली राज्यघटना जिंकली असं वाटलं. वाटू द्यावं, लिफ्टचं श्रेय त्यांनी पाच जिने चढलेल्या खुरानांच्या गुडघ्यांना कधीच दिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर लिफ्ट सुरू झाली. सर आधीच जिन्याने खाली जाऊन दारासमोर उभे राहिले. लिफ्ट आली, दार सरकलं. लतिकाबाईंनी चप्पल हातात घेतली आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकवला.

"कुठे जायचं? बाजारात? देवळात?" सरांनी विचारलं.

"कुठ्ठे नाही," त्या म्हणाल्या. "जरा इथेच उभी राहते हो."

आणि दिवेलागण होईपर्यंत त्या वर गेल्या नाहीत.